जन्म कुठला?

कागदोपत्री माझा जन्म दोन ठिकाणी झालेला आहे. एकदा डेट्रॉइटला आणि एकदा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी. दोन्हीकडे तारीख एकच, आईबापही तेच. असला पराक्रम आमच्याच घरात होऊ शकतो, कारण आमच्या घरात फॉर्म बाबा भरायचे.

खरा जन्म डेट्रॉइटचा. आई नर्स. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती तिथल्या एका हॉस्पिटलात नोकरीला गेली आणि तिच्यामागोमाग बाबा गेले. बाबांना तिथली थंडी मानवली नाही आणि बायकोच्या जिवावर आलेला नवरा म्हणून राहणं तर मुळीच मानवलं नाही. मी झाले आणि काही महिन्यांतच गावी आजोबांना अर्धांगाचा झटका आला. बाबा थोरले, म्हणजे परत जाणं आलंच. आईने हॉस्पिटलात बिनपगारी रजा टाकली. "माझी ती रजा अजून चालूच आहे," असं ती पुढे कितीतरी वर्षं म्हणायची. हसत म्हणायची. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

आजोबा गेले, शेतीची वाटणी झाली आणि बाबांना कुवेतची नोकरी मिळाली. त्या वेळी माझा पासपोर्ट काढायला पुण्याचा एक एजंट धरला होता. आईने माझा डेट्रॉइटचा जन्मदाखला त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "वहिनी, हे अमेरिकेचं प्रकरण पुढे केलंत तर दिल्लीपर्यंत चौकशी जाईल. साहेबांनी सरळ गावचा जन्म लावावा. दाखल्याचं मी बघतो." बाबांनी आनंदाने मान डोलावली. त्यांना ते खोटं वाटलंच नाही. आमच्याकडे 'तुम्ही कुठले?' या प्रश्नाला माणूस गावाचं नाव सांगतो, मग त्याने गाव जन्मात पाहिलेलं का नसेना. बाबांच्या हिशेबी मी गावचीच होते. डेट्रॉइटला केवळ बाळंतपण झालं होतं.

खरा दाखला बाबांनी फेकला मात्र नाही. बाबा अकाउंटंट, कागद फेकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. विजेच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत कशालाही हात लावला की ते म्हणायचे, "असू दे. लागंल कधीतरी." कुवेतला लॅमिनेशनची दुकानं निघाली तेव्हा पहिला मान माझ्या जन्मदाखल्याला मिळाला. जाड प्लॅस्टिकमध्ये बसवलेला तो दाखला इतका गुळगुळीत आणि टणक झाला होता की त्याने वारा घेता आला असता.

कुवेतमध्ये आम्ही सलवा भागात राहायचो; धाकटा भाऊ तिथेच झाला. बाबांचं ऑफिस कुवेत सिटीत, आईची नोकरी फिंतासच्या दवाखान्यात. सुट्टीच्या दिवशी आई मला बरोबर न्यायची. तिची ड्यूटी संपेपर्यंत मी तिथल्या समुद्रकाठी दगड वेचायचे. एका दगडात शिंपला रुतलेला सापडला आणि त्या दिवसापासून मला दगडांचं वेड लागलं. भूगर्भशास्त्र शिकायचं हे मी नववीतच ठरवून टाकलं. बाबा म्हणाले, "दगड शिकायला पैसे कशाला पायजेत? गावाकडं ये, रान भरलंय."

आई मात्र हसली नाही. बारावीच्या वर्षी तिने अमेरिकेतल्या कॉलेजांना पत्रं पाठवायला लावली आणि नव्वदच्या मार्चमध्ये मिशिगनमधल्या एका कॉलेजने मला घेतलं. जाड पाकीट आलं. त्यात फीचा तक्ता होता आणि तो पाहून बाबा खाली बसले. पण त्याच पाकिटात दुसरा एक फॉर्म होता, अमेरिकन सरकारच्या विद्यार्थी कर्जाचा. फीचा काही भाग कॉलेज माफ करणार, मोठा भाग त्या कर्जातून, आणि उरलेला बाबांच्या पगारातून कसाबसा निघाला असता. कर्ज फक्त अमेरिकन नागरिकांसाठी होतं, आणि अमेरिकेत जन्मलेला तो अमेरिकन नागरिक. माझ्या वर्गात हुशार मुलं पुष्कळ होती, पण त्या चौकोनात खूण करू शकणारी मी एकटीच. मी पेन इतकं दाबून खूण केली की खालच्या पानावरही उमटली.

बाबांना त्या कर्जाचा संशय आला. "जामीन कोण राहणार?"

"जामीन लागत नाही, बाबा. सरकार देतं."

"आणि तारण?"

"तारण पण नाही. शिकून नोकरी लागली की फेडायचं."

त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "जामीन नाय, तारण नाय, आणि अठरा वर्षांच्या पोरीला पैसे देणार. हे कर्ज नव्हं, सापळा आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसानं."

"अंथरूण तुम्ही गुंडाळून आणलंत तिथून," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. बाबांनी फॉर्म सरळ केला आणि पेनचं टोपण काढलं.

फॉर्म भरायला बसलो तर दर ओळीला अडकायला होई. आईवडिलांचं इन्कम टॅक्सचं विवरणपत्र जोडा, असं एके ठिकाणी होतं. कुवेतमध्ये इन्कम टॅक्स नाही. सुखाची गोष्ट, पण नाही हे सिद्ध कसं करायचं? बाबांनी कंपनीकडून अरबीत पत्र आणलं, त्याचं इंग्रजी करून घेतलं, दोन्हींवर शिक्के मारून घेतले. मग निघालं की माझ्याकडे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर हवा. नंबर हवा तर आधी नागरिकत्वाचा पुरावा म्हणून अमेरिकन पासपोर्ट हवा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझ्या कर्जाची नकटी तर अजून बोहल्यावरही चढली नव्हती.

मे महिन्यात आम्ही तिघं अमेरिकन वकिलातीत गेलो. खिडकीपलीकडे एक वयस्क बाई होत्या, बोलायला फार गोड. त्यांनी एका हातात लॅमिनेशन केलेला दाखला धरला, दुसऱ्या हातात माझा भारतीय पासपोर्ट. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग चष्म्यावरून बाबांना विचारलं, तुमची मुलगी जन्मली कुठे?

साधा प्रश्न. बाबांनी गळा साफ केला आणि म्हणाले, "मॅडम, नेटिव्ह प्लेस इज सातारा डिस्ट्रिक्ट. डिलिव्हरी वॉज इन डेट्रॉइट."

मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की दाखला खरा दिसतो आहे, पण दाखल्यातली मुलगी आणि समोर उभी असलेली मुलगी एकच, हे तुमचाच पासपोर्ट नाकारतो आहे. दुवा हवा. जन्मानंतर या बाळाला भारतात नेलं त्याचा काही कागद आहे का?

आई खिडकीपाशी पुढे झाली. ती म्हणाली, आहे. तिच्या जुन्या पासपोर्टात माझं नाव चढवलेलं होतं. तिच्या कडेवरच्या बाळाचा फोटो, त्यावर शिक्का, खाली जन्मस्थान डेट्रॉइट. बाबांच्या कृपेने तो पासपोर्ट गावच्या ट्रंकेत सुखरूप असणार होता. परतताना गाडीत बाबा पहिल्यांदाच ऐटीत बोलले, "बघा. मी म्हणत नव्हतो, लागंल कधीतरी?"

काकांना पत्र गेलं. काकांचं शेत, काकांची पंचायत, काकांचा स्वभाव. पासपोर्ट रजिस्टरने येईपर्यंत जुलै संपत आला. कॉलेजने मोठ्या मनाने माझी जागा जानेवारीच्या सत्रासाठी राखून ठेवली होती. वकिलातीने पुढच्या शनिवारची वेळ दिली. आईने माझ्यासाठी लोकरीचा कोट विणायला काढला होता. कुवेतच्या जुलैमध्ये, एसीसमोर बसून, ती लोकर विणायची. मी तिला इतकी खुशीत कधी पाहिली नव्हती.

गुरुवारी पहाटे इराकी रणगाडे आले. शनिवार उगवला, पण वकिलातीकडे जाणारा रस्ता आमच्यासाठी उरला नव्हता.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, दोन दिवसांत मिटेल. नंतर कळत गेलं. बँका बंद, फोन बंद, बाबांच्या ऑफिसची काचेची दारं फुटलेली. भारतीयांना सहसा त्रास देत नव्हते, पण अमेरिकन आणि इंग्रज माणसं हुडकून घेऊन जात होते. त्यांना कुठल्या कुठल्या कारखान्यांत नेऊन ठेवलं आहे, बॉम्ब पडू नयेत म्हणून, अशी बातमी रेडिओवर होती. कुणी अमेरिकन घरात लपवला तर घरच्यांचीही खैर नव्हती. आणि आमच्या घरी, दिवाणखान्यातल्या कपाटात, फाइलमध्ये नीट लावून, एक अमेरिकन ठेवलेली होती. खुणेसकट.

मला ते सुचलंही नव्हतं. सुचवलं बकालावाल्या चाचांनी. आमच्या इमारतीखाली त्यांचा बकाला, म्हणजे किराणा दुकान. मूळचे रत्नागिरीकडचे. माझ्या पाकिटांची पोस्टाची तिकिटंदेखील मी त्यांच्याकडून घ्यायचे, त्यामुळे माझं सगळं प्रकरण त्यांना ठाऊक. एका दुपारी ते वर आले, दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "वहिनी, घरात अमेरिकेचा काय असला तर आजच बघा. पलीकडच्या बिल्डिंगीत शिरलेत. कपाटा उघडतात, कागद बघतात."

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "तांदळाच्या डब्यात ठेवू. तळाला."

"तांदूळच आधी उचलतात ते," आई म्हणाली.

"मग गादीत शिवू."

"अहो, गादी फाडतात."

आईने फाइल स्वयंपाकघरात आणली. कर्जाचा फॉर्म, कॉलेजचं पत्र, कंपनीचं शिक्क्यांचं पत्र, सगळं तिने मोरीत जाळलं. भराभर जळलं ते. मी दारात उभी होते. जन्मदाखला घेतला आणि तो काही जळेना. प्लॅस्टिक आकसलं, काळं झालं, घरभर घाण वास सुटला आणि खिडकीबाहेर धूर जायला लागला तसा तिने तो घाईघाईने विझवला. हाताने फाडून पाहिला. बाबांनी ओढून पाहिला. मायेने केलेलं लॅमिनेशन, ते कसलं फाटतंय? शहराचं नाव अजून स्वच्छ वाचता येत होतं.

मग आईने विळी घेतली. जमिनीवर बसून, पाय विळीवर रोवून, तिने तो दाखला उभा धरला आणि भेंडी चिरावी तसा चिरायला लागली.

"आई, नको," मी म्हणाले. इंग्रजीत म्हणाले होते. आम्ही भावंडं रागावलो की इंग्रजीतच बोलायचो.

तिने मान वर केली नाही. "आजपासून या घरात इंग्रजी बोललीस तर थोबाडीत मारीन."

दाखला संपला तेव्हा तिने स्वतःचा जुना पासपोर्ट ओढला. बाबा खाली वाकले. "फोटो तेवढा ठेव की. बाळाचा फोटो आहे नुसता."

"फोटोवर शिक्का आहे," ती म्हणाली आणि विळीचं पातं फोटोवर ठेवलं.  तिचं आणि माझं एकत्र असं ते पहिलं छायाचित्र होतं, डेट्रॉइटचं आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.  मला तिचा इतका राग आला होता की पुढे कित्येक दिवस मी तिच्या हातचं वाढलेलं पान तिच्याकडे न बघता खायचे. आज विचाराल तर राग गेला आहे. दुःख तेवढंच आहे.

सप्टेंबरमध्ये चाचांनी बसमध्ये जागा मिळवून दिल्या. बसरा, बगदाद आणि पुढे जॉर्डनची सरहद्द. आईने मला स्वतःचा पंजाबी ड्रेस घातला, तेल लावून वेणी घातली, ठसठशीत टिकली लावली. दगड, अर्धा विणलेला कोट, सगळं मागे राहिलं. चाचा बसपाशी आले होते, आपण स्वतः दुकान सोडून येणार नाही म्हणाले. बाबांनी त्यांना मिठी मारली. बाबांनी कुणाला मिठी मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

इराकच्या सरहद्दीवर सगळ्यांना खाली उतरवलं. एक अधिकारी पासपोर्ट बघत रांगेवरून येत होता. बाकीच्यांचे नुसते उघडून मिटत होता. माझ्यापाशी थांबला. का थांबला कोण जाणे. पासपोर्टात पाहून, तोंडाकडे पाहून त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, जन्म कुठे?

आईचा श्वास मला ऐकू आला. मी गावाचं नाव सांगितलं. ज्या गावी मी कळायला लागल्यापासून उन्हाळ्याच्या सुट्टीपलीकडे राहिले नव्हते त्या गावाचं नाव, अगदी आजीच्या हेलात. त्याने पासपोर्टातलं नाव बोटाने तपासलं आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला. बसमध्ये बसल्यावर बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. ज्या खोट्याने माझी अमेरिका अडवली त्याच खोट्याने मला वाचवलं होतं, हे त्यांनाही कळलं होतं आणि मलाही. 

गावी काकांच्या घरात दोन खोल्या मिळाल्या. कुवेतमधल्या बँकेतले पैसे कुवेतमध्येच. आई तालुक्याच्या एका दवाखान्यात जायला लागली, बाबा रोज रेडिओपाशी. मी कॉलेजला सगळं लिहून कळवलं. त्यांनी पुन्हा एकदा मोठ्या मनाने जागा राखली, या वेळी ऑगस्टपर्यंत. डेट्रॉइटहून जन्मदाखल्याची नवी प्रत मागवली, ती आली. मला वाटलं, जमतंय की काय. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत गेले. खिडकीपलीकडे माणूस वेगळा, प्रश्न तोच. दाखला खरा आहे, पण ही मुलगी तुम्हीच कशावरून? दुवा विळीखाली गेला होता. तो म्हणाला, मग तुमच्या वडिलांनी शपथेवर लिहून द्यावं, की भारतीय पासपोर्टातलं जन्मस्थान त्यांनी खोटं दिलं होतं.

बाबा लगेच तयार झाले. त्यांच्या ओळखीच्या एका वकिलाने ऐकून कपाळाला हात लावला. "हे लिहून द्याल? पासपोर्टात खोटी माहिती दिली म्हणून तुमच्यावरच खटला उभा राहील. तुमचा पासपोर्ट जमा होईल. मग वर्षानुवर्षं देशाबाहेर पाऊल टाकायचं नाव नको."

त्याच आठवड्यात कुवेतहून कंपनीची तार आली होती. शहर मोकळं झालं आहे, ऑफिस पुन्हा उघडतो आहोत, ताबडतोब या.

मी गणित बरं असलेली मुलगी होते. कर्ज हवं तर बाबांनी खोटं कबूल करायचं. खोटं कबूल केलं तर बाबांचा पासपोर्ट जाणार. पासपोर्ट गेला तर कुवेत गेलं, आणि कर्जापलीकडची फी भरायला पगारच नाही. वर धाकटा भाऊ, काकांच्या दोन खोल्या, काकूचं भांडी आपटणं. कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर एकच यायचं. मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा करतायत ना, करू दे त्यांना." ती माझ्याकडे बघत नव्हती.

फोर्टातल्या एका नोटरीकडे आम्ही दोघं गेलो, बाबा आणि मी. बाबांनी वाटेत स्टॅम्प पेपर घेतला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता, कुवेतच्या ऑफिसात घालायचे तसा. वकिलाचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलंच नव्हतं, किंवा फार घेतलं होतं आणि दाखवत नव्हते. सारखे घाम पुसत होते. नोटरीने टाइपरायटर पुढे ओढला, कागद चढवण्याआधी सवयीने विचारलं, "हं, बोला. मुलीचा जन्म कुठला?"

बाबांनी गळा साफ केला. या वेळी त्यांना बरोबर उत्तर माहीत होतं आणि ते देणार होते.

"गावचा," मी म्हणाले. "सातारा जिल्हा."

नोटरीने माझ्याकडे पाहिलं. "मग पासपोर्टात काय लिहिलंय?"

"तेच लिहिलंय."

"मग प्रतिज्ञापत्र कशाचं करायचंय?"

"काही नाही," मी म्हणाले. "चला, बाबा."

बाबा उठेनात. मी त्यांच्या दंडाला धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना ते नोटरीसमोर पुसायचे नव्हते. शेवटी त्यांनी टेबलावरचा कोरा स्टॅम्प पेपर उचलला, काळजीपूर्वक घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "लागंल कधीतरी."